चार व्हायोलिन आठ कधी होतात?

चेंबर स्ट्रिंग्जची, म्हणजे मोजक्या तंतुवादकांच्या छोट्या गटाची, सॅम्पल लायब्ररी (खऱ्या वादकांचे स्वर रेकॉर्ड करून कीबोर्डवर वाजवता येतील असा संच) घ्यायची म्हटलं की बहुतेक जण आधी डेमो ऐकतात, आणि डेमो भारीच असतो, कारण त्या लायब्ररीला जे छान जमतं तेवढंच त्यात घेतलेलं असतं. मला विचाराल तर सॉफ्टवेअरने वरून जोडलेला रिव्हर्ब (गुंज) बंद करायचा, व्हायोलिनचा पॅच (तयार आवाज) उघडायचा आणि एकच स्वर दाबून धरून मॉड व्हील (कीबोर्डवरचं आवाज हळू-जोरात करायचं चाक) अगदी सावकाश वर न्यायचं. अर्धी परीक्षा तिथेच होते.

का ते सांगतो. व्हायोलिन हळू आणि जोरात वाजवणं म्हणजे नुसता व्हॉल्यूम कमीजास्त करणं नाही, गजाचा दाब आणि वेग वाढला की वरचे हार्मोनिक्स (मूळ स्वरासोबत वाजणारे वरचे सूक्ष्म स्वर) जास्त उठतात, म्हणजे आवाजाचा पोतच बदलतो. म्हणून लायब्ररीवाले एकच स्वर हळू, मध्यम, जोरात असा वेगवेगळा रेकॉर्ड करतात आणि मॉड व्हील फिरवलं की सॉफ्टवेअर एका रेकॉर्डिंगमधून दुसऱ्यात सरकतं. अडचण अशी की मधल्या टप्प्यात दोन्ही रेकॉर्डिंग एकदम वाजत असतात, चार जणांचे क्षणभर आठ होतात, दोन्हींचा व्हायब्रेटो वेगळा, लहरी कुठे एकमेकींना वाढवतात तर कुठे खातात, आणि कानाला एक घोगरा फुगवटा जाणवतो. 60 वादकांच्या ऑर्केस्ट्रात हे खपून जातं, चौघांत नाही.

उदाहरण घ्यायचं तर स्पिटफायर या कंपनीची चेंबर स्ट्रिंग्ज ही लायब्ररी बघा. एकूण 16 वादक: पहिले व्हायोलिन 4, दुसरे 3, व्हायोला 3, चेलो 3, डबल बास 3. रेकॉर्डिंग लंडनच्या एअर स्टुडिओच्या लिंडहर्स्ट हॉलमध्ये, जो मुळात चर्च म्हणून बांधलेला. आता एवढ्या कमी लोकांत गंमत काय होते, तर एक जण 440 हर्ट्झवर आणि शेजारचा 442 वर असेल तर सेकंदाला दोन ठोके ऐकू येतात, ज्याला बीट्स म्हणतात. खूप वादक असले की असे शेकडो ठोके मिसळून एक मऊ धुकं तयार होतं, पण चौघांत त्या ठोक्यांचा आकार कानाला कळतो आणि चेंबरचा जिवंतपणा असतो तो हाच. मग तेच रेकॉर्डिंग परत वाजलं की तोच आकार जसाच्या तसा परत येतो आणि कान लगेच पकडतो की हे मशीन आहे. त्यावर उपाय राउंड रॉबिन, म्हणजे एकच छोटा स्वर तीन-चार वेळा रेकॉर्ड करून आळीपाळीने वाजवायचा. तेव्हा दुसरी टेस्ट ही: एकच स्टॅकाटो (तुटक) स्वर सोळा वेळा भराभर वाजवून बघा, फेरी कितव्या स्वराला परत सुरू झाली ते ऐकू आलं तर जपून.

या सगळ्यामुळे साइझ कुठे जाते बघा. व्हायोलिनचे 21 स्वर (एक सोडून एक), 4 डायनॅमिक्स (हळू-जोरातचे टप्पे), 4 राउंड रॉबिन, 4 माइक, झाल्या 1344 फाइल्स, त्याही वाजवण्याच्या एकाच पद्धतीच्या. प्रत्येक 5 सेकंदांची, 48 किलोहर्ट्झ 24 बिट स्टिरिओ धरली तर जवळपास 2 जीबी. म्हणून प्रत्येक सॅम्पलचा सुरुवातीचा तुकडा रॅममध्ये ठेवतात आणि बाकीचं एसएसडीवरून वाजता वाजता ओढतात.

माइकचं थोडक्यात. आवाज एक मीटर जायला साधारण 3 मिलिसेकंद घेतो, त्यामुळे जवळचा माइक आणि वर टांगलेला डेका ट्री (तीन माइकची मांडणी) यांत फरक पडतोच आणि दोन्ही मिसळले की टोन बदलतो. शिवाय हॉलची गुंज रेकॉर्डिंगमध्येच बसलेली असते, ती नंतर काढता येत नाही, तुमचा तबला कोरड्या खोलीत रेकॉर्ड झालेला असेल तर हे आधी जुळवून बघा. कॉर्डचंही बघा, चार व्हायोलिनच्या पॅचवर तीन स्वर एकदम दाबले की बारा व्हायोलिन वाजतात, मग कसलं चेंबर!

आपल्याकडच्या माणसाला खरी अडचण येते ती मींडेची. लेगाटो (स्वर जोडून वाजवणं) म्हणून जे मिळतं ते एका स्वरावरून दुसऱ्यावर जायचं तयार रेकॉर्डिंग असतं, सा वरून ग ला त्याच वेगाने जाणार, मध्ये रेंगाळणार नाही. पिच बेंड वापरला तर स्वर सरकतो खरा, पण वाद्याच्या लाकडी खोक्याचे रेझोनन्स (ठरावीक स्वरांना घुमणं), जे खऱ्या व्हायोलिनमध्ये जागचे हलत नाहीत, तेही सोबत सरकतात आणि व्हायब्रेटोचा वेगही बदलतो. अर्ध्या स्वरापर्यंत चालतं, पुढे कार्टून. भावगीतासाठी मी लायब्ररीला मागे पॅडसारखं ठेवीन आणि मींडेची ओळ एका खऱ्या व्हायोलिनवाल्याकडून वाजवून घेईन, तासाभराचं काम आहे.