आईला किती दिवसांपूर्वीचे जुलाब आठवतात?

"गेल्या दोन आठवड्यांत बाळाला जुलाब झाले होते का?" राष्ट्रीय कुटुंब आरोग्य सर्वेक्षणात पाच वर्षांखालच्या मुलांच्या आयांना हा प्रश्न विचारतात. २०१९-२१ च्या पाचव्या फेरीत देशभरातल्या ७.३ टक्के मुलांबाबत 'हो' असं उत्तर आलं. त्याआधीच्या फेरीत ते प्रमाण ९.२ टक्के होतं. नळयोजनेचा उपयोग झाला का, ओआरएस (जुलाबात पाजायचं मीठ-साखरेचं द्रावण) कुठे पोचत नाही, अशा चर्चांमध्ये हेच आकडे पुढे येतात. त्यांच्यामागे कुठलीही रक्ततपासणी किंवा प्रयोगशाळा नसते. असते ती आईची आठवण.

आणि विषय क्षुल्लक नाही. जागतिक आरोग्य संघटनेच्या २०२४ च्या माहितीनुसार अतिसाराने दरवर्षी पाच वर्षांखालची सुमारे ४ लाख ४३ हजार मुलं दगावतात.

व्याख्येतच आई आहे. चोवीस तासांत तीन किंवा अधिक वेळा पातळ शी झाली, किंवा त्या बाळाला एरवी होते त्यापेक्षा जास्त वेळा झाली, तर तो अतिसार. आता 'एरवी' म्हणजे किती, हे डॉक्टरला कुठून कळणार? अंगावर पिणाऱ्या तान्ह्या बाळाची शी मुळात सैलसर असते. दिवसातून पाच-सहा दुपटी बदलावी लागली तरी तो आजार नव्हे. पण त्याच बाळाची शी एकदम पाण्यासारखी झाली, वास बदलला, तर दुपटी धुणाऱ्या बाईला ते लगेच कळतं. तिच्यापेक्षा चांगलं साधन आपल्याकडे नाही. अडचण येते ती आपण तिला फार उशिरा विचारतो तेव्हा.

ग्रामीण बांगलादेशात आणि इतरत्र झालेल्या अभ्यासांत दिसलं की दोन-तीन दिवस उलटले की जुलाबांची आठवण पुसट व्हायला लागते. आधी विसरले जातात ते सौम्य, एका दिवसात थांबलेले जुलाब. याउलट ज्या आजारात बाळाला सलाईन लावावं लागलं तो इतका ठसतो, की तीन आठवड्यांपूर्वी होऊन गेलेला असला तरी 'परवा-परवाच' म्हणून सांगितला जातो. म्हणजे चुका दोन्ही दिशांनी होतात, आणि त्या एकमेकींना नेमक्या खोडतील याची खात्री नाही.

या सगळ्यात मला सर्वांत महत्त्वाचा वाटतो तो दिल्लीतला अभ्यास. जिष्णू दास, जेफ्री हॅमर आणि कॅरोलिना सांचेझ-पारामो यांनी तो २०१२ मध्ये प्रसिद्ध केला. त्यांनी काही कुटुंबांना दर आठवड्याला आणि काहींना महिन्यातून एकदा आजारपणाबद्दल विचारलं. फक्त जुलाबच नव्हे, घरातल्या सगळ्यांची सगळी दुखणी. महिन्याने विचारलं की आजार कमी सांगितले जातात, हे अपेक्षितच होतं. पण ही घट गरीब घरांत श्रीमंत घरांपेक्षा जास्त होती. आठवड्याच्या नोंदींनुसार गरीब माणसं डॉक्टरकडे श्रीमंतांपेक्षा जास्त वेळा जात होती. महिन्याच्या नोंदींनुसार चित्र नेमकं उलटं दिसत होतं. याचं कारण संशोधकांनी असं मांडलं, की जिथे दुखणं सतत असतं तिथे ते अंगवळणी पडतं, लक्षात ठेवण्याजोगं राहत नाही. आपल्याकडे "दात येताना जुलाब व्हायचेच" असं सहज म्हणतात, त्याच्या मुळाशी हेच आहे. म्हणजे ज्या वस्तीत मुलं सर्वांत जास्त आजारी, तिथलेच आजार कागदावरून सर्वांत जास्त गळतात. हे मला फार अन्यायाचं वाटतं, कारण औषधं आणि पैसा कागद पाहून वाटला जातो.

उत्तर द्यायला कोण बसलंय, यानेही फरक पडतो. ऊसतोडीच्या फडावर आई पहाटेच कोयता घेऊन निघते आणि कोपीवर, म्हणजे तिथल्या तात्पुरत्या झोपडीत, बाळाला सांभाळते आठ-नऊ वर्षांची बहीण. दिवसभरात किती वेळा शी झाली ते त्या पोरीला माहीत. प्रश्न मात्र संध्याकाळी आईला विचारला जातो.

शिवाय भिडस्तपणा आहेच. ओडिशात २,१६३ घरांमध्ये पाणी शुद्ध करण्याच्या क्लोरीनच्या गोळ्यांची चाचणी झाली. निम्म्या घरांना खऱ्या गोळ्या, निम्म्यांना हुबेहूब दिसणाऱ्या बिनऔषधी, आणि कुणाकडे कुठल्या हे ना घरच्यांना माहीत ना विचारणाऱ्यांना. मुलांच्या जुलाबांत दोन्ही गटांत लक्षणीय फरक आढळला नाही. ज्या चाचण्यांत घरच्यांना सगळं माहीत असतं, तिथे मात्र जुलाब बरेच कमी झाल्याचं सहसा नोंदवलं जातं. ओडिशात गोळ्यांचा वापर अनियमित होता, हेही खरं. तरीही फुकट वस्तू देऊन गेलेल्या माणसाला "काही उपयोग झाला नाही" असं तोंडावर सांगणं अवघड असतं, ही शक्यता धरूनच असे निकाल वाचायला हवेत.

मग रोज विचारावं का? पश्चिम केनियात काही घरांना दर पंधरवड्याला आणि काहींना सहा महिन्यांतून एकदा विचारून पाहिलं. वारंवार विचारलेल्या घरांत क्लोरीनचा वापर वाढला आणि जुलाबांच्या तक्रारी घटल्या. सतत कुणी विचारायला येतंय म्हटल्यावर लोक पाण्याची काळजी घेऊ लागले, किंवा कंटाळून 'नाही' म्हणू लागले. संशोधकाच्या दृष्टीने हा मोठा पेच आहे. पण पाणी खरोखरच जपलं जात असेल, तर घराच्या दृष्टीने ही चांगलीच बातमी आहे.

म्हणूनच नोंद घरच्यांच्याच हातात द्यावी, असं मला वाटतं. लिहिता-वाचता न येणाऱ्या बायकांसाठी चित्रांच्या डायऱ्या अनेक देशांत वापरून झाल्या आहेत: पातळ शीचं चित्र, उलटीचं, तापाचं, आणि त्यासमोर एक रेघ मारायची. आपल्याकडे तर भिंतीवरच्या कॅलेंडरवर दुधाचे खाडे आणि गॅस सिलिंडरची तारीख लिहिण्याची सवय जुनी आहे. पातळ शीसाठी एक टिंब, रक्त दिसलं तर फुली. फुली पडली, बाळ पाणीही पिईना, डोळे खोल गेले किंवा मलूल पडलं, तर त्याच दिवशी दवाखाना. टिंबं चौदा दिवसांपर्यंत गेली तर तो 'चिवट' अतिसार. बाळ वाळत जातं, आणि नुसत्या आठवणीवर विसंबलं तर हे लक्षातही येत नाही.

जुलाबांवर देतात त्या झिंकच्या गोळीसाठी तर कॅलेंडर हवंच. ओआरएससोबत ती चौदा दिवस द्यायची असते, चमचाभर पाण्यात किंवा आईच्या दुधात विरघळवून. जुलाब बहुधा त्याच्या कितीतरी आधी थांबतात आणि मग गोळीही थांबते. सर्वेक्षणाच्या पाचव्या फेरीत जुलाब झालेल्या मुलांपैकी ओआरएस मिळालं ६०.६ टक्क्यांना, झिंक फक्त ३०.५ टक्क्यांना. आशाताईंनी गोळ्यांची पट्टी हातात देतानाच कॅलेंडरवर चौदाव्या दिवसाला गोल करून द्यावा, आणि बाळाला दिवसभर सांभाळणाऱ्या आजीला किंवा बहिणीला तो दाखवावा.