विहिरीला पेट्रोल लागत नसतं

अधूनमधून एखादी चित्रफीत फिरते. विहिरीतून बादली ओढली, काडी लावली आणि पाण्यावर भडका! खाली हमखास लिहिलेलं असतं, "आमच्या गावाला तेल लागलं." तेलबिल काही लागलेलं नसतं. चढाच्या बाजूला शोधा. एखादा पेट्रोल पंप आणि त्याची जमिनीखालची गंजलेली टाकी किंवा ढिला झालेला सांधा बहुधा सापडेल.

पेट्रोल पाण्यापेक्षा हलकं, त्यामुळे खाली झिरपून ते भूजलाच्या पातळीवर तरंगतं. उन्हाळ्यात पातळीबरोबर उतरतं, पावसाळ्यात चढतं आणि तेवढ्या पट्ट्यातल्या मातीच्या छिद्राछिद्रांत अडकून बसतं. वरचा थर उपसता येतो, हे अडकलेलं येत नाही. त्यातून बेंझिन, म्हणजे पेट्रोलमधला एक विषारी घटक, वर्षानुवर्षं पाण्यात उतरत राहतं. आपल्या पेट्रोलमध्ये बेंझिन १ टक्क्याच्या वर चालत नाही. तरीही त्याला टेकलेल्या लिटरभर पाण्यात दहा-वीस मिलिग्रॅम विरघळू शकतं. जागतिक आरोग्य संघटनेची पिण्याच्या पाण्यासाठीची मर्यादा आहे लिटरला १० मायक्रोग्रॅम, म्हणजे त्याचा हजारावा भाग किंवा त्याहूनही कमी. नाकाला वास लागायच्या कितीतरी आधी ही मर्यादा ओलांडलेली असते. तुरटी किंवा टीसीएल (ब्लीचिंग) पावडरचा इथे काही उपयोग नाही.

मग कोणीतरी "तेल खाणारे जिवाणू" आणा म्हणतं. शास्त्रज्ञ आनंद मोहन चक्रवर्तींनी घडवलेल्या अशा जिवाणूच्या पेटंटवर १९८० साली अमेरिकेच्या सर्वोच्च न्यायालयाने शिक्कामोर्तब केलं. तेव्हापासून लोकांना ही जादूची पूड वाटत आली आहे. प्रत्यक्षात तो जिवाणू कुठल्याही तेलगळतीवर वापरला गेला नाही. बेंझिन खाणारे जिवाणू जमिनीत बहुतेक ठिकाणी आधीपासून असतातच. ते अडतात श्वासापाशी.

हिशेब शाळेतल्या रसायनशास्त्राचाच आहे. बेंझिनच्या एका रेणूला पूर्ण जाळायला ऑक्सिजनचे साडेसात रेणू लागतात. वजनात मांडलं तर एका ग्रॅमला तीन ग्रॅमहून थोडा जास्त. २५ अंशांच्या पाण्यात मात्र हवेतला ऑक्सिजन विरघळतो लिटरला जेमतेम ८ मिलिग्रॅम. म्हणजे लिटरमागे अडीच मिलिग्रॅम बेंझिन संपलं की ऑक्सिजनही संपला, आणि टोल्युइन, झायलिन वगैरे पेट्रोलमधले इतर वाटेकरी अजून रांगेतच आहेत.

इथून पुढे खरी गंमत. श्वास घेणं म्हणजे शेवटी अन्नातून काढलेले इलेक्ट्रॉन कुणाच्या तरी गळ्यात मारणं. ऑक्सिजन नसेल तर नायट्रेट चालतं. तेही संपलं तर मँगनीज, मग लोह, मग सल्फेट. अगदीच काही नाही उरलं तर कार्बन डायऑक्साइड, आणि त्यातून मिथेन. प्रत्येक पायरीवर जिवाणूला मिळणारी ऊर्जा घटते, बहुतेकदा वेगही घटतो.

अमेरिकेत मिनेसोटातल्या बेमिजी गावाजवळ हे जमिनीत उलगडलेलं दिसतं. २० ऑगस्ट १९७९ रोजी तिथे कच्च्या तेलाची पाइपलाइन फुटली आणि सुमारे १०,७०० बॅरल तेल सांडलं. साफसफाईनंतरही अडीच हजारांच्या आसपास बॅरल मातीत राहिलं. १९८३ पासून अमेरिकेचं भूवैज्ञानिक सर्वेक्षण खातं तिथे संशोधन करतंय. तेलाच्या जवळ मिथेन, पुढे लोहाचा पट्टा, कडेला ऑक्सिजन असा क्रम तिथे मोजून पाहिलाय. वाळूच्या कणांवरच्या गंजातल्या लोहावर जिवाणू सुगंधी हायड्रोकार्बन (बेंझिनच्या कुळातली संयुगं) पचवतात, हे सूक्ष्मजीवशास्त्रज्ञ डेरेक लव्हली आणि सहकाऱ्यांनी १९८९ मध्ये दाखवलं, तेही बेमिजीच्याच अभ्यासातून. अशा पट्ट्यातल्या बोअरचं पाणी बाटलीत भरताना नितळ असतं; उघडं ठेवलं की थोड्या वेळात तांबूस गढूळ होतं. विरघळलेल्या लोहाला हवा मिळाली आणि त्याचा पुन्हा गंज झाला. तपासायला आलेल्या माणसासाठी हा रंग मोठा पुरावा, कारण खाली कोणीतरी जेवतंय.

म्हणून गळती थांबवून वरचं तेल उपसल्यावर इलाज असतो तो श्वास पुरवण्याचा. बोअरमधून हवा सोडतात, नाहीतर चक्क एप्सम सॉल्ट, म्हणजे मॅग्नेशियम सल्फेट, विरघळवून ओततात. ऑक्सिजन पाण्यात मिलिग्रॅमने मावतो, सल्फेट ग्रॅमने. काम सावकाश होतं, पण शिदोरी मोठी.

आता आपल्याकडे २० टक्के इथेनॉलचं पेट्रोल आलंय. जिवाणूंना इथेनॉल फार आवडतं. पंगतीत जिलबीवर आधी ताव मारणाऱ्या पोरांसारखे ते आधी त्यावर तुटून पडतात, ऑक्सिजन त्यातच खर्ची पडतो आणि बेंझिन न पचता आणखी पुढे वाहत जाऊ शकतं. इथेनॉल चांगलं की वाईट या भांडणात हा मुद्दा क्वचितच ऐकू येतो.

बेमिजीला वाळू आहे, म्हणून पट्टे नीट दिसतात. आपल्या काळ्या पाषाणात पाणी भेगांतून आणि दोन लाव्हाथरांमधल्या सांध्यांतून धावतं. पंपाशेजारची विहीर स्वच्छ आणि लांबची वास मारणारी, असं सहज घडू शकतं. तिथे पाणाड्याच्या तळहातावरचा नारळ उभा राहिला म्हणून नवं बोअर मारणं म्हणजे पेट्रोलला आणखी एक वाट करून देण्याचा धोका. आधी भेगांची दिशा आणि आसपासच्या विहिरींची पातळी मोजायची, मग निरीक्षणाची बोअर घ्यायची, आणि पाण्याचे नमुने पावसाळ्याआधी आणि नंतर, असे दोन्ही वेळा काढायचे.