ऑस्करचे आडाखे : विजेत्यांच्या भाकितांमागचा इतिहास

ऑस्कर पुरस्कारांचा पहिला सोहळा १६ मे १९२९ रोजी हॉलिवूडच्या रूझवेल्ट हॉटेलात झाला, तेव्हा विजेते कोण असतील याचा अंदाज बांधण्याची कोणालाच गरज नव्हती, कारण सगळी नावे तीन महिने आधी, फेब्रुवारीतच, जाहीर झालेली होती. जेवणानंतर जेमतेम पंधरा मिनिटांत पुरस्कार वाटून झाले. पुढच्या वर्षीपासून हे पुरस्कार देणाऱ्या आणि आपल्या सदस्यांच्या मतांनी विजेते ठरवणाऱ्या अकादमीने निकाल सोहळ्याच्या रात्रीपर्यंत राखून ठेवायला सुरुवात केली. मात्र वृत्तपत्रांची छपाई अडू नये म्हणून विजेत्यांची यादी त्यांच्याकडे आगाऊ दिली जाई आणि रात्री अकरापूर्वी ती प्रसिद्ध करायची नाही, असा शब्द घेतला जाई. ही व्यवस्था दहा वर्षे चालली. २९ फेब्रुवारी १९४० रोजी ‘लॉस एंजेलिस टाइम्स’ने आपल्या संध्याकाळच्या आवृत्तीत पावणेनऊलाच निकाल छापून टाकला आणि सोहळ्याला येणाऱ्या पाहुण्यांना आपण जिंकलो की हरलो हे दारातच वाचायला मिळाले. त्यानंतर, १९४१पासून, बंद लखोट्याची पद्धत सुरू झाली. मतमोजणी त्याआधीच, १९३०च्या दशकाच्या मध्यावर, प्राइस वॉटरहाउस या हिशेबतपासनिसांच्या संस्थेकडे गेलेली होती. आज भाकितांचा जो मोठा व्यवहार दिसतो, तो या गुप्ततेच्या पोटी जन्माला आला आहे.

गुप्तता आली तरी कुतूहल शमेपर्यंत वाट पाहण्याची कोणाची तयारी नव्हती. चित्रपट व्यवसायाचे मुखपत्र समजले जाणारे ‘व्हरायटी’ १९५०च्या दशकात अकादमीच्या सदस्यांनाच विचारून कल छापत असे आणि अकादमीला ते मुळीच रुचत नसे. १९५३मध्ये सोहळा पहिल्यांदा दूरचित्रवाणीवर आला आणि कोण जिंकणार हा प्रश्न हॉलिवूडपुरता उरला नाही. अंदाजावर किती विसंबले जाऊ लागले होते, याचे एक उदाहरण १९५५चे आहे. ‘अ स्टार इज बॉर्न’साठी ज्युडी गार्लंडचे नाव आघाडीवर मानले जात होते, पण सोहळ्याच्या आदल्याच दिवशी तिला मुलगा झाला आणि ती रुग्णालयात होती. तेव्हा एनबीसीने तिच्या खोलीत कॅमेरे, दिवे आणि तारांचे जंजाळ उभे करून तिचे आभाराचे भाषण तिथूनच दाखवण्याची तयारी केली. लखोट्यातून ग्रेस केलीचे नाव निघाले आणि तंत्रज्ञांनी आपले सामान आवरायला घेतले. एका वाहिनीने केवळ अंदाजाच्या भरवशावर एवढा खर्च केला, यावरून त्या काळातही आघाडीवरचे नाव ही किती पक्की गोष्ट समजली जात होती, हे कळते.

मतदारांनाच विचारून पाहण्याचा सर्वांत गाजलेला प्रयत्न २०००मध्ये ‘वॉल स्ट्रीट जर्नल’ने केला. त्याच्या वार्ताहरांनी सदस्यांना दूरध्वनी करून कोणाला मत दिले ते विचारले. अकादमीने सदस्यांना उत्तर न देण्याचे आवाहन केले, तरीही पुरेशा जणांनी तोंड उघडले आणि वृत्तपत्राचे प्रमुख विभागांतील बहुतेक अंदाज खरे ठरले. अकादमीचा संताप समजण्यासारखा होता. तिच्या दृष्टीने हा कार्यक्रमाच्या उत्कंठेवरच घाला होता. निवडणुकांचा अंदाज बांधणाऱ्या कोणालाही यात वावगे वाटले नसते, कारण ऑस्करचे भाकीत हे चित्रपटाच्या गुणवत्तेविषयी नसतेच. काही हजार व्यावसायिकांचा एक ठरावीक मतदारसंघ, ठरावीक मुदतीत, ठरावीक नियमांनी काय करील, याविषयीचे ते भाकीत असते. समीक्षक म्हणून उत्तम असलेली माणसे या खेळात वारंवार तोंडघशी पडतात, त्याचे कारण बहुधा हेच आहे.

मतदारांना थेट विचारणे अवघड, तेव्हा त्यांच्यासारख्याच लोकांनी आधी काय केले ते पाहावे, हा दुसरा मार्ग. तो व्यवसायातील संघटनांच्या पुरस्कारांमुळे खुला झाला. दिग्दर्शकांची संघटना, डायरेक्टर्स गिल्ड, १९४०च्या दशकाच्या अखेरीपासून आपला पुरस्कार देते. १९५० ते २०२४ या काळातील चित्रपटांचा विचार केला, तर या संघटनेचा विजेता आणि ऑस्करचा सर्वोत्तम दिग्दर्शक वेगवेगळे निघाल्याचे प्रसंग फक्त ८ आहेत. त्यांतही १९८५चे स्टीव्हन स्पीलबर्ग, १९९५चे रॉन हॉवर्ड आणि २०१२चे बेन ॲफ्लेक हे तिघे असे, की त्यांना ऑस्करचे नामांकनच मिळाले नव्हते आणि त्यामुळे ते जिंकण्याचा प्रश्नच नव्हता. निर्मात्यांच्या संघटनेचे पुरस्कार १९९०पासून आणि पडद्यावरील अभिनेत्यांच्या संघटनेचे १९९५पासून सुरू झाले. या संघटनांचे बरेच प्रमुख सदस्य अकादमीतही मतदार असतात. त्यामुळे त्यांचा निकाल म्हणजे त्याच मतदारसंघाच्या एका भागाचा आगाऊ कौल असतो, जरी अभिनेत्यांच्या संघटनेची लाखाच्या पुढची सदस्यसंख्या अकादमीच्या तुलनेत अवाढव्य असली तरी.

गोल्डन ग्लोबचे तसे नाही. १९४४पासून दिला जाणारा हा पुरस्कार अनेक दशके हॉलिवूडमधील परदेशी पत्रकारांच्या एका संघटनेकडे होता. अगदी अलीकडेही तिचे सदस्य शंभराच्या आत होते आणि अकादमीच्या मतदारांशी त्यांचा काही संबंध नव्हता. तरीही ग्लोबला भाकितांत मान मिळाला, तो मोक्याच्या वेळेमुळे. जानेवारीत मंचावर केलेले एक चांगले भाषण पुढच्या दोन महिन्यांची हवा तयार करी. ब्रिटिश अकादमीच्या बाफ्टा पुरस्कारांनी हाच धडा घेतलेला दिसतो. पूर्वी ते ऑस्करनंतर होत. २००१पासून ते ऑस्करच्या आधी आणले गेले आणि एका वर्षात त्यांचे भाकितांतील मोल बदलले. २००४मध्ये ऑस्करचा सोहळाच मार्चअखेरीहून फेब्रुवारीअखेरीस आला, तेव्हा उरलेले सगळे पुरस्कारही आधीच्या तारखांकडे सरकून काही आठवड्यांत दाटीवाटीने बसले.

या सगळ्या नोंदींतून ठोकताळे तयार झाले. संकलनाचे नामांकन नसेल तर चित्रपट सर्वोत्तम ठरत नाही. दिग्दर्शकाचे नामांकन नसेल तर आशा सोडावी. अभिनेत्यांच्या संघटनेने कलाकार-संचासाठी नामांकन दिले नसेल तर विषय संपला. यांतला प्रत्येक नियम मोडला गेला आहे. १९८०च्या ‘ऑर्डिनरी पीपल’नंतर संकलनाच्या नामांकनाविना जिंकणारा चित्रपट म्हणजे थेट २०१४चा ‘बर्डमॅन’. कलाकार-संचाचा नियम ‘ब्रेव्हहार्ट’नंतर दोन दशके टिकला आणि २०१७च्या ‘द शेप ऑफ वॉटर’ने तो मोडताच पुढच्या वर्षी ‘ग्रीन बुक’नेही मोडला. ज्या नियमाला वीस-बावीस वर्षांचाच आधार आहे, तो नियम म्हणजे खरे तर वीस-बावीस नोंदी; अशा मोजक्या नोंदींवर शास्त्राची भाषा बोलणाऱ्यांकडे जरा संशयानेच पाहायला हवे.

सर्वांत मोठा धक्का मात्र २००६च्या सोहळ्यात बसला. ‘ब्रोकबॅक माउंटन’ने निर्मात्यांचा, दिग्दर्शकांचा, ग्लोबचा आणि बाफ्टाचा असे सगळे महत्त्वाचे पुरस्कार खिशात टाकले होते. अखेरचा लखोटा उघडल्यावर ‘क्रॅश’चे नाव वाचताना खुद्द जॅक निकल्सनच्या चेहऱ्यावर आश्चर्य उमटले. ‘क्रॅश’कडे अभिनेत्यांच्या संघटनेचा कलाकार-संचाचा पुरस्कार होता आणि अकादमीत अभिनेत्यांची शाखा सर्वांत मोठी आहे, हे स्पष्टीकरण दुसऱ्या दिवशी सगळ्यांनाच सुचले.

२००९च्या चित्रपटांपासून तर मोजणीचा नियमच बदलला. १९४४पासून सर्वोत्तम चित्रपटासाठी पाच नामांकने असत. त्यांची संख्या दहा झाली आणि त्या एका विभागासाठी पसंतीक्रमाचे मतदान आले. मतदाराने सगळ्या चित्रपटांना क्रम द्यायचा. पहिल्या पसंतीच्या मतांत कोणालाच निम्म्याहून अधिक मते नसतील, तर सर्वांत मागचा चित्रपट बाद करून त्याच्या मतपत्रिका प्रत्येकीवरील पुढच्या पसंतीकडे वळवायच्या, आणि कोणी तरी निम्मा टप्पा ओलांडेपर्यंत हे चालू ठेवायचे. कागदावर हा किरकोळ बदल वाटतो, पण त्याने प्रश्नच वेगळा झाला. पूर्वी पाचांमध्ये मते फुटली की तुलनेने थोड्या पण कट्टर चाहत्यांच्या बळावर चित्रपट जिंकू शकत होता. आता ज्याला तीस टक्के मतदार डोक्यावर घेतात आणि उरलेले तळाला टाकतात, तो आघाडीवर असूनही अडकतो. उलट ज्याला फारसे कोणी पहिला ठेवत नाही, पण बहुतेक जण दुसरा-तिसरा ठेवतात, तो फेरीगणिक वर चढत जातो. म्हणून भाकीत करणारे आता हा चित्रपट कोणाला नकोसा आहे, असेही विचारतात. निर्मात्यांची संघटनाही याच पद्धतीने मते मोजू लागल्यामुळे तिचा कौल अधिक जवळचा मानला जातो. २०२२मध्ये ‘द पॉवर ऑफ द डॉग’ला १२ नामांकने होती आणि दिग्दर्शकांचा पुरस्कार व बाफ्टाही त्याच्याकडे होते, ‘कोडा’ला फक्त ३ नामांकने होती, त्यांत ना दिग्दर्शनाचे ना संकलनाचे. निर्मात्यांनी आणि अभिनेत्यांनी मात्र ‘कोडा’ निवडला होता, आणि तो तिन्ही पुरस्कार घेऊन गेला. इतर सर्व विभागांत आजही ज्याला सर्वाधिक मते तो विजेता, हाच नियम आहे. त्यामुळे दिग्दर्शक एका चित्रपटाचा आणि सर्वोत्तम चित्रपट दुसराच, ही फारकत अलीकडे वरचेवर दिसते.

नियमाबरोबर मतदारही बदलले. २०१२मध्ये ‘लॉस एंजेलिस टाइम्स’ने केलेल्या पाहणीत अकादमीचे मतदार ९४ टक्के गौरवर्णीय, ७७ टक्के पुरुष आणि त्यांचे मध्यक वय ६२ असल्याचे आढळले होते. २०१५ आणि २०१६ अशी सलग दोन वर्षे अभिनयाची सर्व वीस नामांकने गौरवर्णीयांना गेल्यावर टीकेची झोड उठली. अकादमीने २०१६मध्ये ६८३ आणि २०१८मध्ये ९२८ जणांना सदस्यत्वाचे निमंत्रण दिले, ज्यांत अमेरिकेबाहेरचे लोक मोठ्या संख्येने होते. २०२०मध्ये निर्मात्यांनी, दिग्दर्शकांनी, ग्लोबने आणि बाफ्टाने ‘१९१७’ या चित्रपटाला कौल दिला असताना ‘पॅरासाइट’ जिंकला आणि इंग्रजीखेरीज अन्य भाषेतील चित्रपट सर्वोत्तम ठरण्याची ती पहिली वेळ होती. अभिनयाच्या विभागांत बाफ्टाचे वजन याच काळात वाढले. २०२५मध्ये डेमी मूरकडे ग्लोब आणि अभिनेत्यांचा पुरस्कार, तर मायकी मॅडिसनकडे बाफ्टा होता. ऑस्कर मॅडिसनला मिळाले.

दरम्यान संख्याशास्त्रज्ञही या प्रांतात उतरले होते. आयेन पार्डो आणि डीन सायमंटन यांनी २००८मध्ये रॉयल स्टॅटिस्टिकल सोसायटीच्या नियतकालिकात नामांकनांची संख्या, आधीचे पुरस्कार आणि कलाकाराचा पूर्वेतिहास यांवर आधारलेले गणिती प्रारूप मांडले. निवडणुकांच्या अंदाजांसाठी नावाजलेल्या नेट सिल्व्हर यांनी २००९मध्ये सहा विभागांचे भाकीत केले. चार बरोबर आले, शॉन पेन आणि पेनेलोपे क्रूझ यांनी त्यांना चकवले. सट्ट्याचा मार्ग त्याहून जुना. ब्रिटनमधील सट्टेबाज फार पूर्वीपासून ऑस्करवर भाव देत आले आहेत. अमेरिकेत मात्र लास व्हेगास ज्यात आहे त्या नेवाडा राज्याने तो खुला केला नाही, कारण निकाल सोहळ्याआधीच काही जणांना ठाऊक असतो. न्यू जर्सीने २०१९मध्ये परवानगी दिली. हिशेबतपासनिसांच्या संस्थेतील दोन भागीदार सगळे विजेते पाठ करून ठेवतात, ही गोष्ट एरवी गंमत म्हणून सांगितली जाते. सट्ट्याच्या नियामकांना ती गंमत वाटणे शक्य नव्हते.

अंदाजावर विसंबण्याचा मोह खुद्द आयोजकांनाही आवरला नाही. एप्रिल २०२१च्या सोहळ्यात सर्वोत्तम चित्रपटाचा पुरस्कार आधी उरकून अभिनेत्याचा शेवटी ठेवण्यात आला. दिवंगत चॅडविक बोझमन जिंकतील आणि कार्यक्रम त्या भावुक क्षणावर संपेल, असाच सर्वांचा समज झाला. नाव निघाले अँथनी हॉपकिन्स यांचे. ते वेल्समध्ये झोपलेले होते, आणि कार्यक्रम भाषणाविनाच आटोपला. आदल्या पंधरवड्यात बाफ्टाही हॉपकिन्स यांनाच मिळाल्याचे ज्यांना आठवत होते, त्यांना धक्का थोडा कमी बसला असेल.

९८व्या पुरस्कारांपासून अकादमीने आणखी एक अट घातली आहे: अंतिम फेरीत ज्या विभागात मत द्यायचे, त्यातील सर्व नामांकित चित्रपट मतदाराने पाहिलेले असले पाहिजेत. लघुपट आणि माहितीपटांसारख्या विभागांत जो चित्रपट सर्वांत जास्त लोकांपर्यंत पोचलेला, तोच जिंकतो, हा आडाखा भाकीत करणाऱ्यांनी वर्षानुवर्षे वापरला. ही अट काटेकोरपणे पाळली गेली, तर सर्वांत आधी तोच तपासून पाहावा लागेल.