वेबॅक मशीन की आर्काइव्हचं ग्रंथालय? हरवलेली वंशावळ नेमकी कुठे शोधायची

इंटरनेट आर्काइव्ह म्हणजे जुन्या वेबसाइटा आणि पुस्तकं जतन करणारं ऑनलाइन संग्रहालय. त्याच्या साइटवर शोधायच्या दोन चौकटी असतात. बरेच जण पहिल्या चौकटीत आडनाव टाकतात, काही मिळत नाही आणि वंशावळ कायमची गेली असं धरून चालतात. याचं मला फार वाईट वाटतं.

पहिली चौकट वेबॅक मशीनची. बंद पडलेल्या वेबसाइटांची जुनी पानं ती दाखवते. तिला शक्यतो साइटचा पत्ताच द्यावा. आडनाव टाकलं तर ती पानांच्या आतला मजकूर धुंडाळत नाही. आमच्या घराण्याची साइट कधीच बंद पडली होती आणि पत्ता कुणालाच आठवेना. शेवटी गुहागरच्या आत्याच्या फडताळात कुलसंमेलनाची जुनी स्मरणिका निघाली, तिच्या मलपृष्ठावर अगदी तळाशी तो छापलेला होता. टाकल्याबरोबर कॅलेंडरवर निळे ठिपके उमटले, म्हणजे त्या त्या दिवशी पान जतन झालं होतं. पहिलं पान उघडलं, वंशवेलीचं मात्र उघडेना. मग पत्त्याच्या शेवटी तिरकी रेघ आणि तारांकन (/*) दिलं, तेव्हा जतन झालेल्या सगळ्या फायलींची यादी आली. तिच्यात आमच्या शाखेचं पान होतं!

त्या पानावर नुसता रोमन अक्षरांचा खिचडा दिसला. असं झालं तर घाबरू नका. युनिकोड, म्हणजे सगळ्या संगणकांवर देवनागरी सारखीच दिसण्याची पद्धत, रुळण्याआधी कित्येक मराठी साइटी शुषा, शिवाजी अशा फाँटांत असत. फाँट ओळखून मजकूर कन्व्हर्टरमध्ये टाकला की देवनागरी परत मिळते.

दुसरी चौकट ग्रंथालयाची. तिथे स्कॅन केलेली पुस्तकं असतात, छापील कुलवृत्तांत, म्हणजे घराण्याच्या इतिहास-वंशावळीची पुस्तकंसुद्धा. इथे आडनाव चालतं, फक्त ते देवनागरीत आणि रोमनमध्येही टाकून बघा, ‘कुलवृत्तांत’ आणि ‘कुलवृत्तान्त’ दोन्ही.

तारखांचा घोळ मात्र इथेच होतो. पुस्तकावरचं साल छपाईचं असतं. ठिपक्याची तारीख म्हणजे यंत्र त्या पानावर येऊन गेलं तो दिवस, माहिती त्याच्या कितीतरी आधीची असू शकते. २०११ च्या ठिपक्यात आमचे एक चुलतआजोबा हयात दाखवले आहेत, ते २००७ मध्येच गेले होते.

आणि एक फरक. आमच्या छापील वंशावळीत मुलींची नावं नाहीत. साइटवर कुणीतरी ती मागाहून भरली होती. आत्याचं नाव तिथे आहे, माहेरच्या आणि सासरच्या दोन्ही आडनावांनिशी. ते पान छापून मी तिला नेऊन दिलं, तिने ते त्याच स्मरणिकेत घडी घालून ठेवलंय.