पावणेदोन खासदार कुठून आणायचे?

अमेरिकेच्या अध्यक्षाने काँग्रेसचा, म्हणजे तिथल्या संसदेचा, कायदा पहिल्यांदा फेटाळला तो 5 एप्रिल 1792 रोजी. अध्यक्ष होते जॉर्ज वॉशिंग्टन, आणि भांडण होतं भागाकाराचं. कुठल्या राज्याला किती खासदार, हे ठरवताना जो अपूर्णांक उरतो त्याचं काय करायचं?

वरवर हा किरकोळ प्रश्न वाटतो. पण अमेरिकेतल्या वसाहतींचं इंग्रजांशी फाटलं ते याच प्रश्नाच्या थोरल्या भावावरून. 1765 मध्ये ब्रिटिश संसदेने मुद्रांक कर लादला, तेव्हा वसाहतींनी विचारलं, की आमचा एकही माणूस ज्या संसदेत नाही तिने आमच्यावर कर का बसवावा? लंडनचं उत्तर मासलेवाईक होतं. मँचेस्टर तरी कुठे खासदार पाठवतं? संसद सगळ्यांचाच विचार करते! मँचेस्टरबद्दलचं म्हणणं खरंच होतं. वाढत्या मँचेस्टरला स्वतःचा खासदार नव्हता, आणि ओल्ड सेरम नावाच्या, जवळजवळ ओस पडलेल्या टेकडीला दोन होते. आपल्या घरातला अन्याय दाखवून दुसऱ्यावरचा अन्याय झाकायचा, असा हा युक्तिवाद. वसाहतींना तो पटला नाही, आणि पुढे युद्ध झालं.

1776 मध्ये 13 वसाहतींनी स्वातंत्र्य जाहीर केलं, पण सरकार कसं असावं याचं उत्तर त्यांच्याकडे तयार नव्हतं. 1781 मध्ये अमलात आलेल्या पहिल्या करारनाम्याने प्रतिनिधित्वाचा प्रश्न सरळ टाळला. राज्य लहान असो की मोठं, प्रत्येकाला एक मत. वर मध्यवर्ती काँग्रेसला कर बसवायचा अधिकारच नाही. ती राज्यांकडे पैसे मागणार, आणि राज्यं जमेल तसे देणार किंवा देणार नाहीत. आयात मालावर 5 टक्के जकात लावून तिजोरी भरावी असं ठरलं, तर त्यासाठी तेराही राज्यांची संमती हवी होती. चिमुकल्या ऱ्होड आयलंडने नकार दिला आणि विषय संपला. साम्राज्याशी लढून जिंकलेल्या देशाला स्वतःच्या सैनिकांचे पगार भागवता येईनात.

म्हणून 1787 च्या उन्हाळ्यात फिलाडेल्फियात नवी घटना लिहायला मंडळी बसली. व्हर्जिनियासारखी मोठी राज्यं म्हणत होती, डोकी मोजा आणि त्या प्रमाणात जागा द्या. डेलावेअरसारखी लहान राज्यं म्हणत होती, मग आम्हाला विचारणार कोण? डेलावेअरच्या गनिंग बेडफर्ड यांनी तर भर सभेत सुनावलं, की असं कराल तर लहान राज्यं एखाद्या परक्या सत्तेचा हात धरतील. अखेर 16 जुलैला तोडगा निघाला. एका सभागृहात सगळ्या राज्यांना समान जागा, दुसऱ्यात लोकसंख्येप्रमाणे. बाजूने 5 राज्यं, विरोधात 4, आणि मॅसॅच्युसेट्सची मतं दुभंगलेली. एका राज्याने तोंड फिरवलं असतं तर गाडं तिथेच अडलं असतं.

लोकसंख्येप्रमाणे म्हणजे कोणाकोणाची लोकसंख्या? इथे या कहाणीतला सगळ्यात काळा आकडा येतो. गुलामांना मत नव्हतं, हक्क नव्हते. पण त्यांच्या मालकांच्या राज्यांना जागा जास्त मिळाव्यात म्हणून ती माणसं मोजायला हवी होती. तडजोड झाली तीन पंचमांशावर. पाच गुलाम म्हणजे तीन माणसं. याचा परिणाम 1790 च्या पहिल्या जनगणनेत ढळढळीत दिसतो. मॅसॅच्युसेट्समध्ये तेव्हा मेन प्रांत धरून 4,75,327 लोक होते आणि गुलाम एकही नव्हता. व्हर्जिनियात स्वतंत्र माणसं त्याहून कमी, 4,54,983. पण तिथल्या 2,92,627 गुलामांचे तीन पंचमांश मिळवले की व्हर्जिनियाचा आकडा 6,30,560 वर जातो. शेवटी मॅसॅच्युसेट्सला 14 जागा मिळाल्या आणि व्हर्जिनियाला 19. ‘प्रतिनिधित्वाशिवाय कर नाही’ म्हणून लढलेल्या देशात लाखो माणसं मोजली गेली ती त्यांना बेड्या घालणाऱ्यांचं वजन वाढवण्यासाठी.

ती जनगणना मार्शल (संघराज्याच्या न्यायालयांचे अधिकारी) आणि त्यांच्या सहायकांनी घरोघर फिरून केली. कुटुंबप्रमुखाचं नाव आणि पाच रकान्यांत माणसांची संख्या, एवढंच लिहायचं. कर न देणारे मूळनिवासी मोजायचेच नाहीत. तयार यादीची प्रत दोन सार्वजनिक ठिकाणी डकवायची, म्हणजे कोणी सुटलं असेल तर लोकच सांगतील. हा भाग मला फार आवडतो. आकडा वर पाठवण्याआधी गावासमोर ठेवला जायचा.

आता भागाकार. घटनेने म्हटलं होतं, की 30,000 माणसांमागे एकापेक्षा जास्त प्रतिनिधी नको. (मसुद्यात आधी 40,000 होते. शेवटच्या दिवशी 30,000 करा म्हणून स्वतः वॉशिंग्टन उभे राहिले. अख्ख्या अधिवेशनात मसुद्यातल्या मुद्द्यावर ते बोलले ते तेवढंच.) जागावाटपासाठीची एकूण लोकसंख्या 36,15,920. तिला 30,000 ने भागलं की 120 जागा येतात. पण प्रत्येक राज्याला वेगळं भागून फक्त पूर्णांक घेतले तर बेरीज भरते 112. उरलेल्या 8 जागा कोणाला? ज्यांचा अपूर्णांक मोठा त्या आठ राज्यांना, असं काँग्रेसने ठरवलं. या रीतीला आज अलेक्झांडर हॅमिल्टन यांचं नाव आहे. डेलावेअरची जागावाटपासाठीची लोकसंख्या 55,540, म्हणजे हिशेबाने 1.85 खासदार, पावणेदोनच्याही वर. त्याला 2 मिळाले.

वॉशिंग्टन यांनी मंत्रिमंडळातल्या चार सहकाऱ्यांचं मत विचारलं. हॅमिल्टन आणि नॉक्स म्हणाले सही करा, जेफरसन आणि रँडॉल्फ म्हणाले करू नका. जेफरसन यांचा मुद्दा बिनतोड होता. डेलावेअरला 2 दिले की 27,770 माणसांमागे एक होतो आणि घटनेची मर्यादा मोडते. त्यांची रीत अशी, की सगळ्यांना एकच भाजक लावायचा आणि अपूर्णांक सरळ टाकून द्यायचे. वॉशिंग्टन यांनी कायदा परत पाठवला आणि काँग्रेसने 33,000 हा भाजक धरून 105 जागा वाटल्या. डेलावेअरची एक जागा गेली.

आता गंमत पाहा. 105 पैकी व्हर्जिनियाचा लोकसंख्येप्रमाणे वाटा होतो 18.31. हॅमिल्टनच्या रीतीने त्यांना 18 मिळाल्या असत्या आणि 1.61 वाल्या डेलावेअरला 2. जेफरसनच्या रीतीने व्हर्जिनियाला 19 आणि डेलावेअरला 1. अपूर्णांक टाकून दिला की लहानाचं मोठं नुकसान होतं आणि मोठ्याला जाणवतही नाही, त्यामुळे ही रीत दरवेळी थोरल्यांकडे झुकते. वॉशिंग्टन, जेफरसन, रँडॉल्फ हे तिघेही व्हर्जिनियाचे. घटनेचा मुद्दा खरा होता, पण सोयीचाही होता.

मग हॅमिल्टनची रीत निर्दोष का? नाही. एकोणिसाव्या शतकाच्या उत्तरार्धात अमेरिका तिच्याकडे वळली आणि 1880 च्या जनगणनेनंतर एक चमत्कारिक प्रकार उघडकीला आला. सभागृहात 299 जागा ठेवल्या तर अलाबामाला 8 मिळत होत्या. 300 केल्या तर 7! एकाही माणसाची संख्या बदललेली नव्हती. 299 ला अलाबामाचा वाटा 7.646, टेक्सासचा 9.640, इलिनॉयचा 18.640. अपूर्णांकांत अलाबामा जेमतेम पुढे. 300 ला तिन्ही वाटे वाढले, पण मोठ्यांचे जास्त वाढले. अलाबामा 7.671, टेक्सास 9.672, इलिनॉय 18.702. एक सहस्रांशाने टेक्सास पुढे गेलं आणि अलाबामाची जागा गेली.

पुढे मिशेल बालिन्स्की आणि पेटन यंग या गणितज्ञांनी सिद्ध केलं, की पूर्ण समाधान देणारी रीत सापडणं शक्यच नाही. राज्याचा वाटा 18.31 असेल तर त्याला 18 किंवा 19 च मिळाव्यात, ही एक अपेक्षा. वाढत्या राज्याची जागा घटत्या राज्याकडे जाऊ नये, ही दुसरी. दोन्ही दरवेळी पाळणारी रीत असू शकत नाही. अमेरिकेने 1941 पासून तिसरीच रीत धरली आहे. तिच्यात खालच्या आणि वरच्या पूर्णांकाचा भूमितीय मध्य (म्हणजे त्यांच्या गुणाकाराचं वर्गमूळ) काढून अपूर्णांक वर न्यायचा की खाली, ते ठरतं. 2020 च्या जनगणनेनंतर न्यूयॉर्कची एक जागा या हिशेबात 89 माणसांनी हुकली.

आपल्या राज्यघटनेच्या 81 व्या कलमातही राज्याच्या जागा आणि लोकसंख्या यांचं प्रमाण शक्य तितकं सारखं असावं असं म्हटलं आहे. पण ज्या राज्याची लोकसंख्या 60 लाखांपेक्षा जास्त नाही त्याला हा नियम लागू नाही, म्हणजे डेलावेअरचं भांडण आपण दारातच मिटवलं. गोव्याला 2 खासदार आहेत. 2011 च्या जनगणनेप्रमाणे तिथे सव्वासात लाखांच्या आसपास माणसांमागे एक खासदार पडतो. महाराष्ट्राचे 48, इथे एकामागे सव्वातेवीस लाखांहून जास्त. आणि हे 48 सुद्धा ठरले ते 1971 च्या शिरगणतीवरून, तेव्हा महाराष्ट्राची लोकसंख्या पाच कोटींच्या थोडी वर होती.