मेंदूतला नकाशा आणि पडद्यावरची होडी

हर्णै-मालवणकडचा मुरब्बी तांडेल किनाऱ्यावरचे डोंगर, दीपस्तंभ आणि किल्ल्यांचे बुरूज एका रेषेत कसे येतात ते पाहून होडीची जागा ओळखतो. आता होड्यांवर जीपीएस आला असला, तरी जागेची ही जाण मेंदूत नेमकी कुठे वसते, हा प्रश्न जुनाच आहे, आणि त्याच्या उत्तरात व्हिडिओ गेमचा वाटा आपण समजतो त्याहून बराच मोठा आहे.

प्राण्याच्या मनात परिसराचा नकाशा तयार होतो, ही कल्पना मानसशास्त्रज्ञ एडवर्ड टोलमन यांनी १९४८ मध्ये उंदरांवरील प्रयोगांतून मांडली. १९७१ मध्ये जॉन ओकीफ आणि जोनाथन दोस्त्रोव्स्की यांना उंदराच्या हिप्पोकॅम्पसमध्ये, म्हणजे मेंदूच्या स्मृतीशी निगडित भागात, ठरावीक जागी आल्यावरच चेतणाऱ्या पेशी सापडल्या. माणसाची तपासणी मात्र अडली होती, कारण स्कॅनरमध्ये निश्चल पडून राहावे लागते. ही कोंडी खेळाने फोडली. लंडनमध्ये एलेनॉर मॅग्वायर आणि सहकाऱ्यांनी ‘ड्यूक न्यूकेम थ्रीडी’ या गोळीबाराच्या खेळातून एक निर्जन गाव उभे केले. १९९८ च्या त्या अभ्यासात अचूक वाट काढताना उजवा हिप्पोकॅम्पस अधिक सक्रिय दिसला. २००३ मध्ये, उपचारासाठी मेंदूत इलेक्ट्रोड बसवलेले अपस्माराचे रुग्ण टॅक्सीचा खेळ खेळत असताना, ठरावीक जागी चेतणाऱ्या तशाच पेशी माणसातही नोंदवल्या गेल्या.

मला सर्वांत महत्त्वाचा वाटतो तो २०१६ चा ‘सी हीरो क्वेस्ट’ हा मोबाइलवरचा खेळ. यात नकाशा क्षणभर पाहून, तो मिटल्यावर आठवणीच्या बळावर होडी हाकायची असते. ३८ देशांतील सुमारे चार लाख खेळाडूंच्या नोंदींवरून २०२२ मध्ये असे दिसले की, शहराबाहेर वाढलेली माणसे वाट काढण्यात सरासरीने सरस ठरतात, आणि चौकटीसारख्या सरळ रस्त्यांच्या शहरांत वाढलेली वळणांच्या वाटांवर मागे पडतात. गडग्यांमधून वळत जाणाऱ्या पाणंदींनी एक वाडी दुसरीला जोडणाऱ्या कोकणात हा निष्कर्ष आस्थेने वाचला जावा.

खेळामागचा मूळ हेतू स्मृतिभ्रंशाचा अभ्यास हा होता, कारण अल्झायमरमध्ये दिशाभान लवकर ढळते. २०१९ मध्ये याच खेळात, त्या आजाराचा आनुवंशिक धोका असलेल्या, पण स्मरणशक्तीच्या नेहमीच्या चाचणीत इतरांच्या बरोबरीने उतरलेल्या व्यक्तींच्या होड्या गरजेपेक्षा लांबच्या वाटेने जाताना आढळल्या.