वॉरबर्ग आणि लिंबू-सोड्याचं नोबेल

"कॅन्सरचं कारण शोधल्याबद्दल ऑटो वॉरबर्गला १९३१चं नोबेल मिळालं, अल्कधर्मी शरीरात कॅन्सर जगत नाही, म्हणून रोज लिंबू आणि खायचा सोडा घ्या." हा फॉरवर्ड फॅमिली ग्रुपवर दर दोन-चार महिन्यांनी उगवतोच. वॉरबर्ग हा जर्मन जीवरसायनशास्त्रज्ञ. नोबेल खरं, साल खरं. बाकीचं पदरचं.

ते नोबेल होतं पेशींच्या श्वसनातल्या एन्झाइमवरच्या कामाबद्दल. कॅन्सरवरचं काम वेगळं. १९२०च्या दशकात बर्लिनमध्ये वॉरबर्गने गाठींचे पातळ काप काचेच्या भांड्यात ठेवून वायूच्या दाबातला फरक मोजला. त्यावरून दिसलं, की ऑक्सिजन भरपूर असूनही त्या पेशी ग्लुकोज आंबवून लॅक्टिक आम्ल तयार करत होत्या. म्हणजे आम्लामुळे गाठ होत नाही, गाठच आम्ल बनवते. (ग्लुकोजची हीच हाव पेट स्कॅनमध्ये, म्हणजे शरीरात ग्लुकोज कुठे जास्त ओढलं जातं ते दाखवणाऱ्या तपासणीत, गाठ दाखवून देते.) श्वसन बिघडणं हेच कॅन्सरचं मूळ, यावर वॉरबर्ग अडून राहिला खरा, पण पुष्कळ कॅन्सर पेशींचं श्वसन शाबूत असतं आणि सुरुवात जनुकांतल्या बदलांतून होते, हे पुढे दिसलं.

आणि सोडा? रक्ताचा पीएच (आम्ल-अल्कपणाचं माप) ७.३५ ते ७.४५ याच पट्ट्यात राहतो. फुप्फुसं आणि मूत्रपिंडं तो सांभाळतात. लिंबू-सोड्याने बदललाच, तर लघवीचा बदलेल.